काडतूस, कार्ट्रिज, कार्टुश : एका कागदी पुडीचा पसारा

शब्दवेल्हाळ

पोलिसांच्या बातमीत 'गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे जप्त'. प्रिंटरच्या दुकानात 'कार्ट्रिज संपलीय, उद्या या'. ईजिप्तवरच्या लेखात 'फॅरोचं नाव कार्टुशमध्ये कोरलेलं असतं'. तिन्ही शब्द एकाच घराण्यातले आहेत, पण मराठीत ते वेगवेगळ्या दारांनी आले आणि एकमेकांना ओळखतही नाहीत. चित्रकलेच्या तासाचा कार्ट्रिज पेपर धरला तर चौथा भाऊही निघतो. या घराण्यासाठी हा धागा.

घराणं मूळचं इटलीतलं. 'कार्ता' म्हणजे कागद. त्यापासून 'कार्तोच्चो', म्हणजे कागद गुंडाळून केलेली पुडी किंवा कोन. आपल्याकडे चणे-दाण्याला करतात तसाच. सोळाव्या शतकात इटालियन कारागीर आणि इटालियन युद्धकला दोन्ही फ्रान्समध्ये पोचल्या आणि हा शब्द दोघांच्याही सामानातून गेला. म्हणून फ्रेंचमध्ये त्याची दोन रूपं झाली. स्पेलिंग तेच, उच्चारही तोच, 'कार्तूश'. फरक फक्त लिंगात.

पुल्लिंगी 'ल कार्तूश' ही चौकट आहे. कडा गुंडाळलेल्या कागदासारखी दिसणारी, दगडात किंवा गिलाव्यात केलेली, आत नाव किंवा कुलचिन्ह. फोंतेनब्लोच्या राजवाड्यात पहिल्या फ्रांस्वाच्या दालनात रोस्सो फियोरेंतिनो या इटालियन चित्रकाराने १५३०च्या दशकात केलेलं काम पाहिलं की कळतं, सगळ्या चौकटींच्या कडा कापलेल्या चामड्यासारख्या वळलेल्या आहेत. जुन्या नकाशांत शीर्षकाभोवती असते ती चौकट, ईजिप्तच्या राजांचा लांबट गोल आणि आजच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये उजवीकडे खाली प्रमाण, तारीख, सही असते तो रकाना, हे सगळे पुल्लिंगी.

स्त्रीलिंगी 'ला कार्तूश' ही नळकांडी आहे. बंदुकीचं काडतूस, शाईची नळी, प्रिंटरची कार्ट्रिज, गॅसचा छोटा डबा. शिवाय सिगारेटच्या दहा पाकिटांचा खोकासुद्धा. फ्रान्समध्ये टपरीवर कुणी 'युन कार्तूश' मागितली तर दोनशे सिगारेटी मिळतात. युरोपबाहेरून विमानाने येणाऱ्या प्रवाशाला कस्टमची सूटही साधारण तेवढीच, दोनशे.

आता अनुवादात काय घोळ होतो तो. फ्रेंच नकाशावरची टीप यंत्राने मराठीत आणली की हमखास असं वाक्य पडतं: 'प्रमाण खालच्या काडतुसात दिलेले आहे.' उपाय सोपा आहे. शब्दाच्या आधी लागलेलं उपपद बघा. 'अँ' किंवा 'ल' असेल तर चौकट, 'युन' किंवा 'ला' असेल तर नळकांडी. अनेकवचनात दोघांनाही 'ले' लागतं, तिथे विशेषण बघायचं. 'कार्तूश रुआयो' असेल तर पुल्लिंगी, म्हणजे राजांची नावं. विशेषणाच्या शेवटी स्त्रीलिंगाचा जादा 'ई' लिहिलेला असेल तर बहुधा प्रिंटरवाल्याचं पत्रक हातात आहे.

इतर भाषांत कुणाकडे कोणती वाटणी गेली ते तुम्ही सांगा.

---

तोड्याची_बंदूक

छान धागा. बंदुकीच्या बाजूने भर घालतो, कारण 'कागदाची पुडी' हा अर्थ तिथे शब्दशः खरा होता आणि १८६०च्या दशकापर्यंत राहिला.

आज काडतूस म्हटलं की पितळ डोळ्यांसमोर येतं. पण १८५३च्या नमुन्याची एनफिल्ड बंदूक घ्या. नळीचा व्यास .५७७ इंच. तिच्या काडतुसात दारू अडीच ड्राम, म्हणजे ६८ ग्रेन, आजच्या मापात साधारण ४.४ ग्रॅम. गोळी ५३० ग्रेन, सुमारे ३४ ग्रॅम. आणि कागदाचे तीन तुकडे. जाड कागदाचा एक आयत लाकडी दांडीवर गुंडाळायचा. त्यावर दुसरा कागद बुडाशी दुमडून बसवायचा, ही दारूची नळी. मग तिसरा, मोठा कागद गोळी आणि नळी दोन्हींवरून. दांडी काढून दारू भरायची आणि वरचं टोक पिळायचं. गोळीकडची बाजू वितळलेल्या चरबी-मेणात बुडवायची.

यात एक गंमत आहे जी चित्रांत नेहमी चुकते. गोळीचं टोक आत, दारूकडे असतं आणि बूड बाहेर. कारण भरताना काडतूस उलटं करावं लागतं:

पिळलेलं टोक फाडायचं, दारू बंदुकीच्या नळीत ओतायची, काडतूस उलटं करून गोळीकडची बाजू नळीच्या तोंडात घालायची, वर उरलेला कागद तोडून टाकायचा आणि गजाने गोळी खाली ठासायची.

गोळीभोवतीचा वंगण लावलेला कागद गोळीबरोबरच आत जातो. त्याला आधीच उभ्या चिरा दिलेल्या असतात, म्हणजे नळीबाहेर पडताच तो गळून पडतो. चिरा नसतील तर कागद गोळीला चिकटून राहतो आणि नेम जातो. वंगण कमी पडलं तर जळलेल्या दारूची काजळी नळीत साचून थोड्याच फैरींत गोळी ठासणं अवघड होतं. वंगणात चरबी जास्त असेल तर उन्हाळ्यात ती कागदात झिरपते आणि काळाने शिशाला खाते. म्हणून पुढे मधमाशीच्या मेणावर भर आला.

टोक दाताने फाडण्याची सवय सगळ्या युरोपीय पायदळांत होती, कारण दुसऱ्या हातात बंदूक असते. फ्रेंच कवायतीच्या १७९१च्या नियमांत हुकूमच होता, 'देशिरे कार्तूश', फाडा काडतूस. आपल्याकडे त्या चरबीने १८५७मध्ये काय केलं ते सांगायला नको. मार्च १८५७मध्ये दाताऐवजी हाताने फाडण्याची कवायत लागू केली, तोवर संशय पक्का झाला होता.

अवांतर: कार्ट्रिज पेपर याच धंद्यातला. पुडी गुंडाळताना फाटू नये पण टोकाला झटकन फाटावा, असा मजबूत, थोडा खरखरीत, सारख्या जाडीचा कागद. पेन्सिलीलाही तोच खरखरीतपणा लागतो. बंदुकीला पितळ आलं आणि नाव चित्रकलेकडे राहिलं.

---

झब्बू

तोड्याची_बंदूक, जबरी प्रतिसाद!

एक शंका. बातम्यांत 'गोळी' आणि 'काडतूस' सरमिसळ वापरतात. नक्की फरक काय?

---

तोड्याची_बंदूक

काडतूस म्हणजे अख्खं पॅकिंग: पुंगळी, तिच्यात दारू, बुडाला ठिणगी देणारी टोपी आणि तोंडाशी गोळी. उडते ती फक्त गोळी. जागेवर पडते ती पुंगळी. 'घटनास्थळी दोन काडतुसे सापडली' असं छापून आलं तर ती न उडालेली असायला हवीत, पण बहुतेक वेळा पुंगळ्यांनाच काडतूस म्हटलेलं असतं.

मला 'पुंगळी' हा शब्द जास्त आवडतो. कार्तोच्चोचा मूळ अर्थ, पोकळ गुंडाळी, मराठीने न विचारता स्वतःच काढला.

आणि 'जिवंत' हे इंग्रजीवरून आलंय. फ्रेंच खऱ्या गोळ्या झाडतात, जर्मन धारदार. जिवंत झाडतात ते इंग्रज आणि आपण.

---

नीलकाठ

ईजिप्तचं मी घेते.

सगळीकडे वाचायला मिळतं की नेपोलियनच्या सैनिकांना १७९८च्या स्वारीत देवळांच्या भिंतींवरचे लांबट गोल आपल्या काडतुसांसारखे वाटले, म्हणून 'कार्टुश' हे नाव पडलं. मला ही गोष्ट कधीच पटलेली नाही, आणि धागाकर्त्यांनी लिंगाचा मुद्दा काढला म्हणून कारण सांगायला सोपं जातंय. सैनिकांचं काडतूस स्त्रीलिंगी होतं. राजाच्या नावाची चौकट पुल्लिंगी आहे. म्हणजे ती थेट शिल्पकारांच्या शब्दातून आली. नाव किंवा चिन्ह आत असलेली कोरीव चौकट, तिला फ्रेंचमध्ये अडीचशे वर्षं हेच म्हणत होते. सैनिकांची गरजच नाही.

ती चौकट खरं तर दोरी आहे. ईजिप्शियन नाव 'शेनू', वेढणे या धातूवरून. गोल वेढलेली दोरी आणि एका टोकाला गाठीची आडवी रेघ. नाव लांब, म्हणून गोल ताणून लंबुळका केला. चौथ्या घराण्यातल्या स्नेफेरूपासून हे नियमित दिसतं. राजाच्या पाच नावांपैकी दोनच या दोरीत जातात, राज्यारोहणाचं आणि जन्माचं. तुतनखामुन हे जन्माचं. राज्यारोहणाचं नाव नेबखेपेरुरे. संग्रहालयात एकाच वस्तूवर दोन कार्टुश शेजारीशेजारी दिसले तर ते दोन राजे नसतात, हे आवर्जून सांगावंसं वाटतं, कारण मराठी लेखांत ही चूक दोनदा तरी वाचली आहे.

वाचायचं कुठून हेही सोपं आहे: पक्षी आणि माणसं ज्या दिशेला तोंड करून असतील तिकडून सुरुवात.

ईजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोलियोंचं काम या चौकटींवरच उभं आहे. चित्रलिपीबरोबर ग्रीक मजकूरही असलेल्या रोझेटा शिळेवर चौकटीत एकच नाव सापडत होतं, टॉलेमी. एकाच नावावरून अक्षरांचा ताळा करता येत नाही. फिलेहून इंग्लंडला नेलेल्या स्तंभावर क्लिओपात्रा मिळाली आणि दोन्हींत 'प', 'ओ', 'ल' जुळले. अडला तो 'त'. टॉलेमीत तो पावाच्या अर्धगोलाने लिहिलाय, क्लिओपात्रात हाताच्या पंजाने. एका ध्वनीला दोन चिन्हं असू शकतात, हे त्याने मान्य केलं आणि गाडी पुढे गेली. साल १८२२.

इटालियन अभ्यासक मात्र त्याला 'कार्तोच्चो' म्हणत नाहीत, 'कार्तिल्यो' म्हणतात. धाकटं भावंड. स्पॅनिशमध्ये बिनदिक्कत 'कार्तुचो', बंदुकीचा आणि फॅरोचा एकच. अरबीत 'खर्तूश', तोही दोन्हींचा.

शेवटची गंमत. 'कार्ता' ज्या लॅटिन 'खार्ता'वरून आला ती ग्रीक 'खार्तेस'वरून, म्हणजे पॅपिरसचं पान. पॅपिरस नाईलकाठचा. तेव्हा शब्द माहेरीच परत गेला म्हणायचं.

---

मांडवीतीर

काडतूस पोर्तुगीजांकडून आलं असं कोशांत दिलेलं असतं, 'कार्तुशु'वरून. पिस्तूल, पगार, साबण, चावी यांच्या रांगेत बसतंही छान. पण एक खडा दाताखाली येतो.

पोर्तुगीज 'शावी'चं आपण 'चावी' केलं. म्हणजे ज्या काळात तो शब्द घेतला तेव्हा कानावर 'च' पडत होता. जुन्या पोर्तुगीजमध्ये तो 'च'च होता, नंतर राजधानीकडच्या बोलीत 'श' झाला. मग 'कार्तुचु'चं 'काडतूच' किंवा 'काडतूज' का नाही? बंगालीत खरंच 'कार्तुज' आहे. मराठी, गुजराती, हिंदी मात्र 'स'वर संपतात. यातून दोनच वाटा निघतात: एक तर शब्द उशिरा घेतला, 'श' रुळल्यावर, किंवा त्याच्या घडणीत फ्रेंच 'कार्तूश'चा हात आहे.

---

शब्दवेल्हाळ

मांडवीतीर, मुद्दा एकदम पटण्यासारखा. फ्रेंच हाताला जागाही आहे. महादजी शिंद्यांसाठी १७८४पासून पलटणी उभ्या करणारा द बॉयन फ्रेंचभाषक सॅव्हॉयचा, त्याच्यानंतरचा पेराँ फ्रेंच.

---

मांडवीतीर

जागा आहे, पण मी फार ताणणार नाही. 'स' असलेलं रूप उर्दू-हिंदीपासून गुजरातीपर्यंत सगळीकडे आहे, आणि एवढ्या प्रदेशाला एका सरदाराच्या छावणीने शब्द पुरवला असं म्हणणं जरा जास्तच होईल. मी 'उशिरा घेतलेला पोर्तुगीज' या बाजूला आहे. 'र'चा 'ड' मात्र खास आपला. हिंदी 'कारतूस', आपण 'काडतूस'.

पोर्तुगालमध्ये भाजलेले चेस्टनट अजून कागदाच्या कार्तुशुतच देतात. स्पेनच्या दक्षिणेला तळलेले मासे, व्हेनिसमध्येही तळलेले मासेच, आणि तिथल्या बोलीत त्या कोनाला 'स्कार्तोसो' म्हणतात. मूळ पुडी शाबूत आहे.

---

राइनचा_वारा

जर्मनांनी सगळ्यात शिस्तीत वाटणी केली आहे. तोफेच्या दारूची पिशवी किंवा डबा 'कार्टुशं', बंदुकीचं काडतूस 'पात्रोनं'. त्यामुळे आजही शाईच्या पेनात पात्रोनं, इंकजेट प्रिंटरमध्ये पात्रोनं, पण लेझर प्रिंटरच्या टोनरला कार्टुशं. खिडकीच्या फटीत भरतात त्या सिलिकॉनची ३१० मिलिलिटरची नळीही कार्टुशं. छोटं ते पात्रोनं, दांडगं ते कार्टुशं, असा ढोबळ नियम धरला तर दुकानात फसगत होत नाही.

पण 'पात्रोनं'ला शुद्ध जर्मन समजू नका. तोही फ्रेंच 'पात्राँ'वरून, म्हणजे नमुना, साचा. ज्यावर कागद गुंडाळायचा तो साचा. म्हणजे पुडीचं नाव नाकारलं आणि दांडीचं घेतलं.

डचांनी तोंडात फिरवून 'कार्डूस' केलं, अर्थ तोफेच्या दारूची पिशवी. आपल्या काडतुसाच्या इतकं जवळ की दचकायला होतं, पण हा योगायोग समजावा. तेच झार पीटरच्या काळात आरमाराच्या शब्दांबरोबर रशियात गेलं आणि 'कार्तूझ' झालं. आधी पिशवी, मग पिशवीसारखी दिसणारी पुढे झाप असलेली टोपी! एकोणिसाव्या शतकातल्या रशियन कथांत व्यापारी आणि कारकून डोक्यावर घालतात तोच कार्तूझ.

रशियनने मराठीला मागे टाकलं आहे. टोपीचा कार्तूझ डचांकडून. छर्ऱ्याच्या डब्याचा 'कार्तेच' त्याच इटालियन कुळातला, जर्मन-पोलिश वाटेने. ईजिप्तचा 'कार्तूश' फ्रेंचांकडून. प्रिंटरचा 'कार्त्रिज' इंग्रजांकडून. आणि प्रत्यक्ष काडतुसाला मात्र 'पात्रोन'. तोच शब्द बल्बच्या होल्डरलाही आणि ड्रिल मशिनच्या चकलाही लागतो, त्यामुळे रशियन हार्डवेअरच्या दुकानात 'पात्रोन द्या' म्हटलं तर कुणी पोलिसांना बोलवत नाही.

---

झब्बू

टोपी!! हे भारी आहे.

इंग्रजीत 'कार्तूश'चं 'कार्ट्रिज' कसं झालं? मधला 'र' कुठून आला?

---

शब्दवेल्हाळ

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आधी 'कार्टेज' असं काहीसं रूप दिसतं, मग 'र' घुसतो. परका शेवट ओळखीच्या साच्यात बसवण्याची ही खोड आहे, 'पार्ट्रिज' म्हणजे तित्तर तयारच होता. शिपायांनी तोंडातल्या तोंडात मोडलेला शब्द कार्ट्रिज राहिला आणि सुशिक्षितांनी तोच फ्रेंचमधून पुन्हा, इस्त्री करून, कार्टुश म्हणून आणला.

म्हणी राहिल्या. फ्रेंच 'शेवटची काडतुसं जाळतात'. १८७०मध्ये सदॉंजवळ बाझेयच्या घरात अडकलेल्या तुकडीवर अल्फोन्स द नविलचं १८७३चं चित्र याच नावाचं आहे. स्पॅनिशमध्येही तसंच, आणि पेरूचा कर्नल बोलोग्नेसी १८८०मध्ये आरिकाला शेवटचं काडतूस जळेपर्यंत लढू म्हणाला ते तिथे शाळकरी पोरालाही माहीत असतं. आपण अजून भात्यातला शेवटचा बाणच काढतो. इटालियन तर माणसालाच 'अर्धं काडतूस' म्हणतात, म्हणजे किरकोळ, फुसका गडी. हे मराठीत यायला हरकत नाही.

---

पातेलं_आणि_झाकण

स्वयंपाकघर कुणीच घेतलं नाही! हॉटेलच्या किचनमध्ये कार्टुश म्हणजे पातेल्याच्या आत, थेट पदार्थावर ठेवायचं कागदाचं गोल झाकण. कांदा रंग न येता नुसता मऊ करायचा असेल, नासपती पाकात शिजवायच्या असतील किंवा सॉसवर साय धरू द्यायची नसेल तर हेच वापरतात.

पातेल्यापेक्षा थोडा मोठा बेकिंग पेपरचा चौकोन घ्या. अर्धा दुमडा, पुन्हा अर्धा, मग कागदी विमानासारखा त्रिकोणात दोन-तीनदा. टोक पातेल्याच्या मध्यावर धरा आणि काठाशी येईल तिथे आतल्या बाजूने कापा. टोकाचा पाव इंचाहून कमी तुकडा उडवा, म्हणजे मधोमध वाफेला भोक. उलगडा, एकदा पाण्याखाली धरून चुरगाळा, मग पसरा. चुरगाळल्याने तो सपाट बसतो.

चुका दोनच होतात. कागद मोठा राहिला तर कडा पातेल्याच्या भिंतीवर चढतात, वाफ तिथे धरते आणि थेंब परत आत पडून रस पातळ राहतो. दुसरी, मेणकागद वापरणं. त्याचं मेण वितळून रश्श्यात उतरतं. बेकिंग पेपरवर सिलिकॉनचा थर असतो, तो टिकतो.

इटालियन जेवणात 'अल कार्तोच्चो' वेगळं. तिथे मासा कागदात पूर्ण बांधून ओव्हनमध्ये जातो, आपल्या पात्रानी मच्छीच्या केळीच्या पानासारखा. दोन्ही पाककृती एकाच नावाखाली शोधल्या की गोंधळ होतो.

---

नीलकाठ

पातेलं, मस्त. म्हणजे किचनमध्ये पुन्हा कागद आला.

मराठीत लिंगाचं काय करायचं ते ठरवू या का? काडतूस नपुंसकलिंगी, त्यात वाद नाही. कार्ट्रिज दुकानात 'संपली', 'भरली', म्हणजे स्त्रीलिंगी रुळलेली आहे. कार्टुश मी 'तो' लिहिते, फ्रेंचमध्येही पुल्लिंगी आहे म्हणून.

---

शब्दवेल्हाळ

'तो कार्टुश' चालेल. फक्त ड्रॉइंगमधल्या रकान्याला कार्टुश म्हणू नका, साइटवर कुणाला कळणार नाही. तिथे 'टायटल ब्लॉक'च. नकाशावरच्या नक्षीदार चौकटीला 'शीर्षक-चौकट' पुरते.

---

मांडवीतीर

आणि टपरीवरच्या दोनशे सिगारेटींच्या खोक्याला 'कार्टन'. तोही त्याच 'कार्ता'चा नातू, 'कार्तोने' म्हणजे जाड कागद. कार्टूनही तिथलंच, भित्तिचित्रासाठी आधी जाड कागदावर काढलेला पूर्ण मापाचा आराखडा.